भीष्माने वैद्य परत पाठवले होते

गेल्या हिवाळ्यात परभणीतल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. फळ्यावर खडूने विषय लिहिला होता : ‘इच्छामरणाचा कायदा झालाच पाहिजे’. बावीस पोरं-पोरी बोलली. अनुकूल बाजूच्या बहुतेकांनी भीष्म आणला आणि मग थेट नेदरलँड्स गाठलं. प्रतिकूल बाजूने ‘जीव देवाने दिला, तोच नेईल’ अशी सुरुवात करून हिटलरवर शेवट केला. तयारी चांगली होती, आवाज खणखणीत होते, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण बावीस भाषणांत ‘मॉर्फिन’ हा, वेदना थांबवणाऱ्या औषधाचा, शब्द एकदाही आला नाही. आमच्या भागात मरणाच्या दारातल्या पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टर जे वाक्य सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा’, तेही कुणाला आठवलं नाही. त्या पोरांना मी दोष देत नाही. मोठी माणसं टीव्हीवर आणि लेखांतून हा वाद असाच घालतात. एक बाजू हक्काचा झेंडा घेते, दुसरी पावित्र्याचा, आणि ज्याच्या खाटेभोवती हे सगळं चाललंय तो माणूस दोघांनाही दिसत नाही.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठवाड्यात ‘इच्छामरण’ हा शब्द दवाखान्यापेक्षा जिल्हाधिकारी कचेरीत जास्त ऐकू येतो. पीकविमा मिळाला नाही, शेतरस्ता अडवला, भूसंपादनाचा मावेजा अडकला, की निवेदन जातं : ‘न्याय द्या, नाहीतर इच्छामरणाची परवानगी द्या.’ सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टच्या आधी आत्मदहनाच्या इशाऱ्यांचा ढीग साचतो. नव्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचं सरसकट कलम गेलं, पण सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसा प्रयत्न केला तर २२६ कलमाखाली शिक्षा आहेच. तेव्हा इशारा देण्यापेक्षा परवानगी मागणं सुरक्षित. त्या शेतकऱ्याला मरायचं नसतं, त्याला मावेजा पाहिजे असतो. मुंबईतल्या एका मूलबाळ नसलेल्या वृद्ध जोडप्याने २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. दोघेही तसे धडधाकट होते, पण पुढचं परावलंबन त्यांना नको होतं. आणि अरुणा शानबाग. १९७३ साली केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर अत्याचार झाला, त्यानंतर ती बेचाळीस वर्षं खाटेवर होती, आणि तिची स्वतःची इच्छा काय हे सांगण्याच्या स्थितीत ती एक दिवसही नव्हती. या तिन्ही गोष्टींना आपण एकच शब्द लावतो आणि मग वाद घालत बसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आजार बरा होणारा नसेल तर उपचार नाकारण्याचा, चालू असलेले थांबवायला सांगण्याचा हक्क माणसाला आहे, आणि आज तो जेवढा कागदावर आहे तेवढा घराघरात पोचला पाहिजे. पण डॉक्टरने सुई देऊन जीव संपवायची मुभा देणारा कायदा आज आपल्याकडे, निदान आमच्या मराठवाड्यासारख्या भागात, येऊ नये. याला देवाधर्माचं कारण नाही. जीव देवाने दिला म्हणावं, तर व्हेंटिलेटर देवाने दिलेला नाही. तो लावताना आपण देवाला विचारत नाही आणि काढताना तेवढी त्याची आठवण काढतो. माझं कारण साधं आहे. दुखणं थांबवणारी गोळी ज्याला आयुष्यात कधी मिळालीच नाही, त्याने ‘मला मारून टाका’ म्हटलं, तर ती त्याची निवड होती असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पोरांनी भीष्म आणला ते तसं बरंच झालं, फक्त गोष्ट अर्धी सांगितली. शरपंजरी पडलेल्या भीष्मासाठी दुर्योधन बाण काढणारे कुशल वैद्य घेऊन येतो. भीष्म त्यांचा मान राखून त्यांना परत पाठवायला सांगतो. त्याने मागितलं ते एवढंच, की डोकं लोंबतंय, उशी द्या. घसा कोरडा पडलाय, पाणी द्या. राजांनी आणलेल्या मऊ उशा त्याला नको होत्या, अर्जुनाने बाणांची उशी दिली, जमिनीत बाण मारून पाण्याची धार काढली. मरणाची वेळ हातात असलेला तो माणूस भीमाला बोलावून ‘आता गदा घाल’ असं म्हणाला नाही. वैद्य नाकारले, उशी आणि पाणी मागितलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वर्षांत जे मान्य केलं, ते नेमकं यातलं पहिलं आहे. दुसऱ्याची सोय आमच्याकडे अजून कुणी केलेली नाही.

कायद्याची वाट थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. ७ मार्च २०११ रोजी अरुणा शानबागच्या प्रकरणात न्यायालयाने तिच्यासाठी केलेली याचिका फेटाळली, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचं दार किलकिलं केलं. याचिका फेटाळताना न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो केईएममध्ये तिला वर्षानुवर्षं खाऊ-पिऊ घालणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना आहे. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरणं हा अनुच्छेद २१ चा भाग मानला आणि पुढची वेळ ओळखून आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की पाच वर्षांत तिचा वापर जवळपास झालाच नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सुटसुटीत करण्यात आली. आता इच्छापत्र नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं, आणि दवाखान्यातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं.

हे झालं दिल्लीचं. इकडे काय होतं? शहरातल्या आयसीयूत चौथा-पाचवा दिवस असतो. दागिने गहाण पडलेले असतात, सोयाबीन आडतीवर गेलेलं असतं. डॉक्टर बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘काही उपयोग नाही, घरी न्या.’ मग काउंटरवर जो कागद पुढे येतो त्यावर लिहिलेलं असतं, की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला घेऊन जात आहोत. सगळे त्याला ‘डामा’ म्हणतात. सल्ला डॉक्टरचा, आणि सही मात्र सल्ल्याविरुद्ध गेल्याची. रुग्णवाहिकेत पोराच्या हातात श्वास देणारा रबरी फुगा देतात आणि सांगतात, गाव येईपर्यंत दाबत राहा. गाव आलं की ओसरीवर नळी काढतात. यात इच्छापत्र नाही की मंडळ नाही. निर्णय पैशाने घेतलेला असतो आणि त्याचा सल आयुष्यभर पोराच्या मनात राहतो, कारण नळी काढताना फुगा त्याच्या हातात होता. उपचार थांबवावेत की नाही यावर जे अजून तावातावाने भांडतात, त्यांनी एक रात्र कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर काढावी. उपचार रोज थांबतात, फक्त लाज वाटावी अशा रीतीने थांबतात.

माझ्या मोठ्या आईचं सांगतो. चुलत्याची बायको, पण आम्ही सगळे तिला मोठी आईच म्हणायचो. जन्मभर मिश्री लावली आणि साठीच्या आत गालात गाठ आली. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि वर्षभरात ती गाठ गालातून बाहेर आली. ‘घरी न्या, सेवा करा’ हे आम्हीही ऐकलं. जिंतूर तालुक्यातलं गाव, पत्र्याची खोली, खोलीत वास असा की नातवंडं दारातच थांबायची. तिने दोन गोष्टी धरल्या होत्या : तोंडावर पदर आणि एकच वाक्य. ‘कामून ठेवलंय रं मला असं? द्या काहीतरी, सोडवा.’ त्या आठवड्यात कुणी मत मागितलं असतं तर मी डोळे झाकून सुईच्या बाजूने हात वर केला असता.

ओळखीतल्या एका सिस्टरने सांगितलं, मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर टाका. जुलाबाला देतात तीच ती, गावातल्या मेडिकलवरसुद्धा मिळते. चार दिवसांत वास गेला. इतके दिवस हे आम्हाला कुणीच का सांगितलं नव्हतं? नंतर चुलतभाऊ पहाटेच्या गाडीने संभाजीनगरला गेला आणि कागदपत्रांचे दोन दिवस घालवून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आला. दहा मिलिग्रॅमच्या, दर चार तासांनी एक. सोबत पोट साफ राहण्याचं औषध, कारण मॉर्फिनने हमखास कोठा जड होतो. एका गोळीची किंमत चहाच्या कपाहून जास्त नव्हती. चुलत्याने मोबाईलमध्ये चार-चार तासांचे गजर लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आईने पदर बाजूला करून विचारलं, ‘हरभरा सोंगला का?’ त्यानंतर ती तेवीस दिवस जगली. धाकट्या सुनेशी चार वर्षांचा अबोला होता, तो काही सुटला नाही. पण तिच्या हातचं पाणी घेतलं. ‘सोडवा’ हा शब्द त्या दिवसांत तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

इथे थांबलो असतो तर माझ्या बाजूची गोष्ट छान रंगली असती. पण शेवटचे दोन दिवस तिला गोळी गिळता येईना. इंजेक्शन जवळपास कुठेही नव्हतं, आणि असतं तरी ते द्यायला रात्री कोण येणार होतं? त्या दोन रात्री मी तिथेच होतो. कुणी माझ्या हातात भरलेली सुई ठेवली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. वेदना असह्य आहे, मरण ठरलेलं आहे, माणूस शुद्धीवर राहून मागतोय. अशा वेळी त्याला तळमळत ठेवणं ही कसली दया? गांधींनी १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या एका वासराला असंच डॉक्टरच्या हातून इंजेक्शन द्यायला लावलं होतं. त्यावरून त्यांना शिव्याशाप देणारी पत्रं आली, तरी ते मागे हटले नाहीत, आणि तत्त्व माणसाला वेगळं नाही असंही त्यांनी सांगितलं. मात्र त्यांनी पुढे जे म्हटलं ते सहसा कुणी सांगत नाही : माणसाच्या बाबतीत आपण असं करत नाही, कारण त्याला मदत करायची साधनं बहुधा आपल्या हाताशी असतात, आणि तो स्वतः विचार करू शकतो. माझा सगळा वाद या साधनांपाशी अडलाय. मोठ्या आईच्या शेवटच्या दोन रात्रींत सुई हवी होतीच, ती मॉर्फिनची. एक नर्स आणि एक छोटी कुपी एवढ्यावर काम झालं असतं. ते देता आलं नाही म्हणून जीव घेण्याची सोय करा, हा हिशेब मला पटत नाही.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे आणि तोही तगडा आहे. उपचार थांबवून मरू देणं आणि सुईने मारणं यांत नैतिक फरक तो काय? दोन्हीकडे मरणार हे ठाऊक असतं, दोन्हीकडे हेतू सुटकेचाच. उलट अन्न देणारी नळी काढून दिवसेंदिवस वाट पाहण्यापेक्षा सुई दयाळू नाही का? हेतूच्या तराजूत तोलला तर फरक फार निघत नाही, हे मी मान्य करतो, आणि अन्नाच्या नळीच्या बाबतीत तर मला समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. पण फरक दुसरीकडे आहे, तो चुकीला उरणाऱ्या जागेत. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये कॅरन अ‍ॅन क्विनलन नावाची तरुण मुलगी बेशुद्धीत होती. १९७६ मध्ये न्यायालयाने तिचा व्हेंटिलेटर काढायची परवानगी दिली. काढला की ती जाणार, असं सगळे धरून चालले होते. ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. ते जगणं चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न वेगळा. यंत्र काढताना अंदाज चुकला, तर शरीर तो चुकला असं सांगू तरी शकतं. सुईनंतर चूक झाली होती की नव्हती, हे विचारायला कुणी उरत नाही. जिथे नोंदी, तपासण्या, दुसरं मत हे सगळं पक्कं आहे तिथे ही जोखीम कदाचित पत्करता येईल. जिथे तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीची तारीख दीड महिन्याने मिळते तिथे?

तिसरा मुद्दा परंपरेचा. आपल्याकडे मरण निवडणाऱ्याला कमी लेखलेलं नाही. आपेगावचे ज्ञानेश्वर आणि त्यांची समाधी, पैठणच्या नाथांची गोदावरीतली जलसमाधी, हे आमच्या घरातलं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर १९५५ च्या सप्टेंबरमध्ये जैन आचार्य शांतिसागर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत जाण्याचं व्रत, घेऊन गेले. १९६६ मध्ये सावरकरांनी, १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला, म्हणजे याच जैन व्रताला, आत्महत्या ठरवलं, तेव्हा महिना व्हायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि ते योग्यच झालं. पण या सगळ्या मरणांत एक साम्य आहे. मारणारा कुणी नाही. जो जातो तो स्वतःच, दिवसांमागून दिवस, चारचौघांसमोर सोडत जातो, आणि कोणत्याही क्षणी पाण्याचा पेला हातात घेऊन परत फिरू शकतो. इथे संमती एका सहीत संपत नाही, ती रोज नव्याने द्यावी लागते. आणि परंपरेचा दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा. सतीसुद्धा ‘स्वेच्छेने’च जायची.

संमती, इच्छा, निवड. या वादाचा सगळा डोलारा या तीन शब्दांवर उभा आहे, आणि मराठवाड्यात हे शब्द कसे वागतात याचे दाखले शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यातल्या कुणाला हातपाय बांधून ऑपरेशनच्या टेबलावर नेलं होतं का? नाही. फॉर्मवर अंगठे होते, सह्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, उचल फिटणार नाही, कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, तुटला तर पुढच्या वर्षी कुणी घेणार नाही. आणि पोटदुखी घेऊन गेलं तर डॉक्टर म्हणणार, पिशवी काढून टाक, पुढे कॅन्सर होईल. ती ‘हो’ म्हणाली. कायद्याच्या भाषेत ही माहितीपूर्ण संमती. आता मला सांगा, हीच बाई पंचवीस वर्षांनी खाटेला खिळली, दिवाळीनंतर लेक-सून कारखान्याला निघायची वेळ आली, आणि तिच्यापाशी कुणीतरी थांबायचं म्हणजे एक अख्खा कोयता घरी बसणार असं झालं, तर तिच्यापुढे आलेल्या फॉर्मवर ती काय म्हणेल? कुणी तिला एक शब्दही बोलण्याची गरज नाही. हंगामात गावं कशी ओस पडतात, उंबऱ्यात म्हाताऱ्या आणि पोरं तेवढी कशी मागे राहतात, हे ज्याने पाहिलंय त्याला हे उलगडून सांगावं लागणार नाही.

वैद्यकीय सोय आणि समाजाचा कल यांची गाठ पडली की काय होतं, हेही आम्ही एकदा पाहिलंय. सोनोग्राफी आली ती पोटातल्या बाळाचं बरं-वाईट कळावं म्हणून. २००१ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ उरल्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ पासून होता, समित्या होत्या, अर्ज होते, दर महिन्याचे अहवाल होते. इच्छामरणाच्या कायद्याचे समर्थक म्हणतात, कडक निकष ठेवू, समिती नेमू. समित्या आम्हाला नव्या नाहीत. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हास्तरावर समिती बसते आणि ते मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, यावरून. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीत २०२३ या एका वर्षात आठ जिल्ह्यांत अशा १,०८८ आत्महत्या आहेत. मेल्यावरही ज्या यंत्रणेला माणूस का मेला हे नीट वाचता येत नाही, तिच्या हाती जिवंत माणसाचा ‘पात्र’चा शिक्का द्यायचा?

आता माझ्याच बाजूच्या लोकांबद्दल थोडं. ‘आज सुई द्या, उद्या म्हातारे मारतील, परवा हिटलर येईल’ ही भीती दाखवणं हा आळशीपणा आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९९७ पासून कायदा लागू आहे. तिथे अजूनही सहा महिन्यांच्या आत मरण दिसत असलेल्या माणसालाच औषध मिळतं आणि ते त्याने स्वतःच्या हाताने घ्यायचं असतं. नेदरलँड्सच्या कायद्याला वीस वर्षं उलटून गेली, तिथे कुणी छळछावण्या बांधल्या नाहीत. उलट कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला आणि पाचच वर्षांत मरण जवळ आलेलं असण्याची अट काढून टाकली. म्हणजे घसरण होतेच असं नाही आणि होत नाहीच असंही नाही. पाणी कुठे वाहणार हे जमिनीचा उतार पाहून सांगावं लागतं, आणि आमच्या जमिनीचा उतार वर सांगितला.

ऑरेगॉनचेच अहवाल माझ्याविरुद्धही बोलतात, ते लपवण्यात अर्थ नाही. तिथे मरण मागणाऱ्यांच्या कारणांत वेदना पहिल्या नंबरवर नसते. आपलं आयुष्य आपल्या हातात न राहणं, हे कारण तिच्या कितीतरी वर असतं. म्हणजे उद्या गल्लोगल्ली मॉर्फिन मिळालं तरी मागणी पूर्ण थांबणार नाही. असा एक माणूस उरेलच, ज्याला सगळं मिळालंय, दुखत काही नाही, घरचे जीव लावतात, आणि तरी तो म्हणतो, बस. त्याला द्यायला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, आणि ज्या दिवशी आपल्याकडे असे लोक बहुसंख्य होतील त्या दिवशी हा वाद नव्याने घालायला मी तयार आहे. पण त्याच अहवालांत आणखी एक कारण दरवर्षी मोठ्या संख्येने नोंदवलं जातं : घरच्यांवर ओझं होण्याची भीती. ज्या देशात म्हातारपणी हातात बऱ्यापैकी पेन्शन असते तिथली ही गोष्ट. आमच्याकडे श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये येतात, तेही केवायसी अडकली नाही तर. ‘मी कुणावर ओझं नको’ हे वाक्य आमच्या आयाबायांच्या तोंडात आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून असतं. ताटात शेवटी काय उरलं ते खाण्याच्या सवयीतून आलेलं. त्या वाक्याला कायद्याने ‘इच्छा’ म्हणून नोंदवून घ्यायचं का?

‘म्हणजे गरिबाला हक्कच नको? श्रीमंत स्वित्झर्लंडला जाऊन येईल, गरिबाने तळमळायचं?’ हा प्रश्न त्या स्पर्धेत एका पोरीने फार तडफेने विचारला आणि मी तिला गुणही दिले. (जाऊन ‘येईल’ कसा, हे परीक्षकांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.) माझं उत्तर असं, की गरिबाचा पहिला हक्क गोळीवर आहे, आणि ती अवघड नाही. जगात कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात तिची परवान्याने शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. आपण ती परदेशात विकत आलो आणि आपली माणसं खाटेवर कण्हत राहिली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनला इतके परवाने लावले, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी झाली, पण मधल्या तीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्यांनी मॉर्फिन हातात धरलंच नव्हतं; त्यांची भीती दुरुस्तीने कशी जाणार? केरळने १९९३ मध्ये कोझिकोडपासून सुरुवात केली. शेजारपाजारचे लोक शिकले, जखम धुणं, कूस बदलणं, गोळीचा हिशेब ठेवणं. २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींनी नर्स घरोघर पाठवल्या. आमच्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहे. हरिनाम सप्ताहाला आठ दिवस पंगती उठवणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. नाही ती फक्त कुपी आणि ती द्यायची कशी हे शिकवणारा माणूस.

मी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र केलंय. दोन साक्षीदार, नोटरी, सगळं रीतसर. बरं होण्याची आशा संपली की व्हेंटिलेटर नको, छातीवर दाबादाबी नको, डायलिसिस नको. वेदना थांबवणारं औषध मात्र शेवटपर्यंत द्यावं, त्याने आयुष्य दोन दिवस कमी झालं तरी चालेल. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, म्हणून घेऊन गेलो. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने वरचा शब्द वाचला आणि म्हणाला, इच्छापत्र दुय्यम निबंधकाकडं. मी म्हटलं, हे ते नाही. मग जन्म-मृत्यू विभागात पाठवलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून विचारलं, मयताचं नाव? मी माझं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. शेवटी आवक-जावकच्या टेबलावर एका तरुण कारकुनाने तो कागद सावकाश, पूर्ण वाचला, ‘संकीर्ण’मध्ये नोंद केली आणि पोच म्हणून शिक्का मारला. मी निघालो तर तो उठून व्हरांड्यापर्यंत आला. आवाज खाली आणून म्हणाला, ‘सर, त्यात ते वेदना थांबवायच्या औषधाचं लिवलंय… आमच्या बापूला घशाचं हाय. कुटं भेटतंय ते?’